खाडीपलीकडे तू सात वर्षं होतीस

आई,

तुझ्या पाया पडायला चाळीतल्या सगळ्या बायका आल्या होत्या. समोरच्या चाळीतल्याही आल्या. नळावर तुझी कळशी लागली की आपली बाजूला ओढून घेणाऱ्या, त्यासुद्धा. डोक्यावर पदर घेऊन एकेक जण तुझ्या अंगठ्यांवर डोकं टेकून गेली. "भाग्याची गं बाई. अहेवपणी गेली, नवऱ्याच्या मांडीवर गेली. सोनं झालं तिचं." मी भिंतीला टेकून ऐकत होते. मला वाटलं, तू आता उठून बसशील आणि तुझ्या त्या कोरड्या आवाजात म्हणशील, "पुरे झालं, आपापल्या घरी जा." तू उठली नाहीस. मला तुझाच राग आला.

नवऱ्याच्या मांडीवर! अण्णा तेव्हा दगडखाणीवर माणसांची हजेरी घेत होते. घरात मी एकटी होते. दोन दिवस तुझी छाती दुखत होती आणि तू औषध घेत नव्हतीस, म्हणून चमचा हातात घेऊन मी तुझ्यावर ओरडत होते. माझं ओरडणं संपायच्या आत तू गेलीस. माझं बोलणं पुरतं ऐकून घ्यायची सवय तुला कधीच नव्हती.

तुला न्हाऊ घातलं आणि भांडण सुरू झालं. शेजारच्या काकूंनी हिरवं लुगडं आणि हिरव्या बांगड्या आणून ठेवल्या होत्या. आत्या कुंकवाचा करंडा उचलून दारातच आडवी उभी राहिली. तू पहिल्यांदा गेलीस तेव्हा अण्णांची ही थोरली बहीण आमची चूल सांभाळायला मालवणहून आली, ती परत गेलीच नाही. तू परत आल्यावर तुझ्या हातचं तिने सात वर्षांत पाणीसुद्धा घेतलं नाही, हे मी तुला सांगायला नको.

"हिका हिरवा लुगडा?" आत्या म्हणाली. "सात वर्सा परक्याच्या घरात रवली ती. आणि आता सवाष्ण म्हणान ओटी भरतास हिची? माझ्या भावाची अब्रू काय वाटेर पडली हा?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. अण्णा बाहेर ओट्यावर खाली मान घालून बसले होते. तुझा वसंता सामान आणायला गेला होता. मी उठले, आत्याच्या हातातला कुंकवाचा करंडा हिसकावून घेतला आणि तुझं कपाळ भरलं, भुवयांपासून केसांपर्यंत. घाईत कुंकू तुझ्या नाकावरही सांडलं. बायका म्हणाल्या, लेकीची माया. माया कसली? तुला बोलायचा हक्क आत्याला नाही, एवढंच मला तेव्हा कळत होतं. तो हक्क माझा. तुला शिव्या द्यायच्या तर मी देईन.

त्याच द्यायला बसले आहे.

तू पहिल्यांदा गेलीस तो मंगळवार होता. मी अकरा वर्षांची होते, वसंता आठचा. दुपारी तू आम्हा दोघांना पायरीवर बसवून आमची नखं कापलीस. मी म्हटलं, "मंगळवारी नखं कापत नाहीत." तू म्हणालीस, "आज कापू दे." वसंताच्या करंगळीला कात्री लागली, रक्त आलं. तू त्याचं बोट तोंडात धरून बसलीस, किती तरी वेळ. मग कात्री फळीवर ठेवलीस, हात धुतलेस आणि "बाजारात जाऊन येते" म्हणालीस. पिशवी खुंटीलाच होती. मी ती बघितली होती. आई पिशवी विसरली, एवढंच मला वाटलं. धावत जाऊन द्यावी असंही वाटलं, पण माझी भातुकली मांडलेली होती. पुढे सात वर्षं ती खुंटीवरची पिशवी मला दिसत राहिली.

संध्याकाळपर्यंत सगळ्या चाळीला कळलं होतं की तू इनासबरोबर गेलीस. गोराईचा इनास, ख्रिस्ती, कावडीतून भाजी घेऊन चाळीत यायचा. तुझ्यासाठी कोवळी भेंडी वेगळी काढून ठेवायचा. त्याच्याशी बोलताना तू हसायचीस. अण्णांशी बोलताना तू हसलेली मला आठवत नाही. खरं सांगायचं तर अण्णांशी कुणीच हसून बोलत नसे. खाणीवर हजेरी घेतात तशी ते घरातही घ्यायचे. तुझं काय दुखत होतं ते मला आज थोडंफार कळतं. पण आई, दुखत होतं तर आम्हाला उचलून न्यायचं होतंस. नाही तर आमची नखं तरी कापायची नव्हतीस.

आणि गेलीस कुठे, तर गोराईला! आफ्रिकेला गेली असतीस तर मी मनाला समजावलं असतं. बोरिवलीहून टांग्याने खाडीपर्यंत, खाडीतून होडीने पलीकडे, की गोराई. शाळेमागच्या टेकाडावर चढलं की खाडीचं पाणी आणि पलीकडचे माड दिसायचे. मी चढायचे. शाळेत मुली विचारायच्या, "तुझी आई आता गळ्यात क्रूस घालते का गं?" मी त्यांना दगड मारायचे आणि मग टेकाडावर जाऊन बसायचे. लांब गेलेलं माणूस येत नाही, ते पोरालाही कळतं. तू समोर होतीस. सात वर्षं तू समोर होतीस आणि एकदाही आली नाहीस.

मग मी अठरा वर्षांची असताना मला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवसांचा. त्यातले बरेच दिवस मला आठवत नाहीत. शुद्ध आली तेव्हा एक बाई माझ्या कपाळावरची ओली पट्टी बदलत होती. हात काळवंडलेले, नखांत माती, अंगाला ओल्या शेतासारखा वास. मला वाटलं, नर्स. मी म्हटलं, "बाई, पाणी द्या." तू पाणी दिलंस आणि तोंड फिरवलंस. तू कोण ते मला दुसऱ्या दिवशी वसंताने सांगितलं. तो नाचत होता. पंधरा वर्षांचा घोडा, आणि नाचत होता. "ताई, आई आली! अण्णा म्हणाले, राहू दे!"

राहू दे. अण्णांच्या त्या दोन शब्दांनी ते सगळ्या बोरिवलीत देवमाणूस झाले. कुठला नवरा असं करील, लोक म्हणायचे. मीही म्हणायचे. आणि तू स्वयंपाकघराच्या दाराशी चटई टाकून राहायला लागलीस. माफी मागितली नाहीस, काही सांगितलं नाहीस. जणू बाजारातून यायला जरा उशीर झाला होता. मीही तुला आई म्हणून हाक मारली नाही. "ऐकलं का" म्हणायचे, नाही तर भांडं आपटायचे. तुला दोन्ही कळायचं.

तू माझ्यासाठी काही केलं नाहीस असं मी म्हणणार नाही. तापाने माझे केस गेले होते, ते परत येईपर्यंत तू रोज माक्याचं तेल चोळलंस. मी डोकं पुढे करायचे, बोलायचे नाही. मी मास्तरीण झाले तेव्हा पहिल्या दिवशी तू माझ्या मागून शाळेच्या फाटकापर्यंत आलीस. शंभर पावलं अंतर ठेवून. मी वळून बघितलं तर तू कुंपणाची मेंदी न्याहाळत उभी. मला हसू आलं होतं. ते तुला दिसू दिलं नाही.

पण ती मुलुंडची माणसं मला बघायला आली, तो दिवस मी विसरलेले नाही. त्याआधी दोन स्थळं "मुलगी चांगली आहे, पण" म्हणून गेली होती. ही तिसरी. आत्याने तुला आत बसायला बजावलं होतं. मुलाच्या काकाने चहा पिता पिता विचारलं, "मुलीच्या आईबद्दल कायकाय कानावर येतं." अण्णा कपाकडे बघत राहिले. आणि तू आतून बाहेर आलीस, ओल्या हातांनी.

"मी गेले होते," तू म्हणालीस. "ती नाही गेली. विचारायचं ते मला विचारा."

ती माणसं चहा अर्धवट टाकून उठली. त्या दिवशी मी तुझ्यावर जे ओरडले ते चाळीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेलं. "तू परत आलीसच कशाला? आम्ही मेलो होतो का तुझ्यावाचून?" तू कप गोळा करत होतीस. म्हणालीस, "तू जगलीस ना? मग झालं." मला ते उत्तर इतकं निर्लज्ज वाटलं की मी दोन महिने तुझ्याशी भांडीही आपटली नाहीत.

ते भांडण तिथेच राहिलं. पुढे कधीतरी पुरं करू, असं मी धरून चालले होते.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी वसंताने एक कागद माझ्यापुढे ठेवला. तेराव्याच्या पत्रिकेचा मजकूर. छापून वाटायचा होता. मुलुंडच्याच एका घरी त्याचं लग्न जवळपास ठरलं आहे, हे तुला माहीत होतंच. तूच त्या मुलीसाठी खण काढून ठेवला होतास. कागदावर लिहिलं होतं, 'आमची पतिव्रता, वात्सल्यमूर्ती माता.'

मी पेन घेऊन दोन्ही शब्द खोडले.

"काय करतेस?" वसंता ओरडला.

"खोटं खोडते."

"मग काय लिहू? नवऱ्याला सोडून गेलेली असं लिहू? ताई, ती माणसं तेराव्याला येणार आहेत."

"नुसतं आमची आई असं लिही."

"तुझा राग संपणार कधी गं?" तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "मी आठ वर्षांचा होतो. मी वाट बघितली. ती आली. माझ्यापुरतं भांडण मिटलं. तू ती आली तरी वाट बघत बसलीस. कशाची, ते तुझं तुला माहीत."

पत्रिका दोन्ही शब्दांसकट छापून आल्या.

दहाव्याला तुझ्या पिंडाला कावळा लगेच शिवला. वसंता तळ्यावरून आला तो मोकळ्या चेहऱ्याने. "ठेवला आणि आलाच! काही इच्छा राहिली नव्हती तिची." आत्यासुद्धा म्हणाली, "सुटली." मी मोरीत जाऊन रडले, ते रागाने. काहीच राहिलं नव्हतं? मला सांगायचंसुद्धा?

आता तेराव्याचं सांगते. ते परवा झालं.

गॅलरीत पंगत मांडली होती. मुलुंडहून मुलीचे आईवडील आले होते, चाळीतली माणसं होती. पहिला भात वाढून झाला आणि जिन्याशी एक म्हातारी येऊन उभी राहिली. गुडघ्यापर्यंत नेसलेलं लाल चौकड्यांचं लुगडं, हातात पडवळांची जुडी. तिच्यामागे बारा वर्षांची एक मुलगी, कुणाचा तरी काळा फ्रॉक घातलेली. तो तिला खांद्यात सैल होता.

"हजेरीवाल्या बाबूंचं घर हेच ना?" म्हातारी म्हणाली. "आमाला कुणी सांगितलं नाय. बाजारात कळलं. पोरीला जराशी बसू द्या. तिची आय व्हती."

पंगतीतले हात थांबले. वसंता ताडकन उठला. "इथे हिची कुणी आय नाही. घर चुकलात तुम्ही."

"कोण आहेत या?" मुलुंडच्या गृहस्थांनी विचारलं.

"भाजीवाली," वसंता म्हणाला. "आई हिच्याकडून भाजी घ्यायची."

ते खरं होतं. तेव्हा मी म्हातारीला ओळखलं. बाजारात तू दुसऱ्या कुणाकडे जातच नव्हतीस. एकदा मी तुझ्याबरोबर होते. वांगी किडकी निघाली म्हणून मी तिच्याशी भांडले होते, आणि तू गप्प उभी होतीस. तिच्याशेजारी पाटीला टेकून बसलेल्या पोरीने मूठभर मिरच्या उचलून तुझ्या पिशवीत टाकल्या होत्या. तू तिचे केस कानामागे सारलेस. मला वाटलं होतं, भाजीवालीच्या पोरीचं काय एवढं कौतुक.

आता तीच पोर जिन्याशी उभी होती आणि तिचं कपाळ तुझं होतं. तेच रुंद, हट्टी कपाळ. मी बारा दिवसांपूर्वी त्यावर कुंकू भरलं होतं.

वसंता त्यांना खाली ढकलत होता. मी त्याचा हात काढला आणि दोघींना चाळीमागे विहिरीकडे नेलं. पोरीचं नाव फिलोमिना. म्हातारी तिला फिलू म्हणते. म्हातारी इनासची आई.

"इनास बोटीवर खलाशी म्हणून गेला तवा ही दोन वर्साची," म्हातारी म्हणाली. "थोडे दिस कागद आले, मग बंद झाले. तुजी आय माज्यासंगती वाडीत राबली. मी म्हटलं, जातेस कुठं, रहा. मग मला बाजारात कळलं, हजेरीवाल्याची पोरगी तापानं जायला लागली. घरी येऊन सांगितलं. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं. आठ दिसांत येते म्हणाली. ही पाच वर्साची व्हती."

"मग आली का नाही?"

"तुज्या बापाला इचार."

मी वर गेले. अण्णा पंगत सोडून आतल्या खोलीत जाऊन बसले होते, पाठ करून. मी विचारलं, "अण्णा, तिला तुम्ही काय सांगितलं होतंत?"

भिंतीकडे बघतच ते म्हणाले, "ती म्हणाली, पोरीला घेऊन येते. मी म्हटलं, राहायचं तर एकटीने. आणि आता पुन्हा खाडी ओलांडलीस तर कुमुद-वसंता तुला दिसणार नाहीत."

"आणि लोक तुम्हाला देवमाणूस म्हणत होते."

"मी तिला परत घेतलं, कुमुद. कोण घेतो?"

"अर्धीच घेतलीत," मी म्हटलं.

आयुष्यात पहिल्यांदा मी अण्णांना उलट बोलले. ते वळले नाहीत. त्यांची पाठ म्हाताऱ्या माणसाची झाली आहे, हे मला तेव्हा दिसलं. पण दया आली नाही.

पण त्यांच्यापेक्षा मला तुझा राग आला. ते तसे होतेच. तू का ऐकलंस? सात वर्षं एका आठवडी बाजारात, भाजीच्या पाटीवरून, तू आपल्या पोरीला बघत राहिलीस आणि परक्यासारखी घरी आलीस. आम्हाला सोडताना तुझे पाय निघाले, तिला सोडतानाही निघाले, मग अण्णांच्या समोर ते का नाही निघाले? आणि माझ्या तापाचं तू मला एकदाही सांगितलं नाहीस. मी सात वर्षं तुला पळपुटी म्हणत होते, तेव्हा माझ्यासाठी एक पोर खाडीपलीकडे आईवाचून वाढत होती. असले उपकार मी मागितले नव्हते, आई. मला विचारलं असतंस तर म्हटलं असतं, तिला घेऊन ये, मी बघते अण्णांकडे. असं म्हटलं असतं का मी? अठराव्या वर्षी? माहीत नाही. पण मला विचारायचं होतंस. तू कुणालाच काही विचारत नव्हतीस. आमच्यासाठी काय सोसायचं ते तू एकटी ठरवायचीस, आणि सोसायचं मात्र आम्ही सगळ्यांनी.

मी खाली जाऊन फिलूचा हात धरला आणि तिला पंगतीत आणलं. माझ्या पानाशेजारी पान मांडलं. म्हातारी काही केल्या वर आली नाही, विहिरीच्या कठड्यावरच बसून राहिली.

"किरिस्तावाचा पोर आमच्या पंगतीक?" आत्या म्हणाली.

मी मुलुंडच्या माणसांकडे बघून सांगितलं, "ही फिलोमिना. आमच्या आईची धाकटी मुलगी."

मुलीच्या वडिलांनी पानाला नमस्कार केला, पाण्याने हात धुतले आणि बायकोला डोळ्यांनीच उठवलं. विडाही न घेता ते जिना उतरले. वसंता त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत धावत गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा मला बघवला नाही.

"तू पण तिच्यासारखीच निघालीस," तो म्हणाला. "घर मोडून मोकळी."

मी त्याच्या तोंडात मारली असती. मारली नाही, कारण तो खोटं बोलत नव्हता. त्याचं घर मी मोडलं असेन. मुलुंडहून अजून निरोप नाही, आणि वसंता माझ्याशी बोलत नाही. ती मुलगी त्याला खरंच मनापासून आवडली आहे. याला जबाबदार मी, अण्णा, की तू, ते ठरवत बसायचं बळ माझ्यात नाही.

फिलू पानापुढे हात मांडीत ठेवून बसली होती. खिरीला साय यायला लागली. आत्या लाकडासारखी उभी होती. मग एकदम पोरीवर खेकसली, "खा गो! मेलेल्याच्या नावाचा अन्न टाकूचा नसता." आणि वाटीत आणखी एक पळी ओतून आत निघून गेली. फिलूने मान खाली घालून सगळं संपवलं.

दोघींना खाडीपर्यंत पोचवायला मी टांग्यातून गेले. म्हातारी पुढे बसून टांगेवाल्याशी पडवळांच्या भावावर बोलत होती. फिलू माझ्यासमोर. अर्धा रस्ता ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली, मग म्हणाली, "ताप आलेल्या त्या तुमीच ना?"

"हो."

"बरा झाला तरी ती आली नाय."

"नाही आली."

"तुमी मेला असता तर आली असती."

"फिले!" म्हातारी पुढून ओरडली.

मी म्हटलं, "बोलू द्या तिला." आई, तेरा दिवसांत मला भेटलेलं ते पहिलं माणूस, ज्याने तुझ्याबद्दल गोड बोलायचा प्रयत्न केला नाही. तिचा आवाज तुझ्यासारखा कोरडा आहे. मी तिला सांगितलं, मी तिच्या जागी असते तर हेच बोलले असते. मी अकरा वर्षांची होते तेव्हा रोज हेच बोलत होते, फक्त समोर कुणी नव्हतं. ती फ्रॉकचा उसवलेला खांदा हाताने धरून बसली.

धक्क्यावर होडी सुटायच्या बेतात होती. म्हातारीने माझ्या गालांवरून हात फिरवला आणि चढली. फिलू चढताना मी विचारलं, "रविवारी आले तर चालेल का?" तिने खांदे उडवले आणि पाठ करून फळीवर बसली. होडीवाल्याने बांबू रोवला. मी उभी राहिले. तुझ्यावर, अण्णांवर, स्वतःवर, त्या चिखलाच्या खाडीवर, सगळ्यांवर मी तेव्हा इतकी चिडले होते की मला रडूही येईना.

होडी मधोमध गेली तेव्हा फिलू फळीवर उभी राहिली. तोंडाशी दोन्ही हात धरून तिने ओरडून सांगितलं, "रविवारी भरती बघून या! ओहोटीला होडी लागत नाय, चिखल तुडवावा लागतो!"

मी पंचांगात बघितलं. भरती सकाळी आहे. शाळेतून तिसरीची दोन पुस्तकं आणि सुई-दोरा घेऊन जाणार आहे. मी तुझ्यासाठी जात नाही, आई. हे नीट ऐकून ठेव.